वॉल्ट्झचा राजा : योहान स्ट्राउस आणि त्याचे घराणे

श्रीगणराय चौसष्ट कलांचा अधिपती. त्याच्या उत्सवाच्या स्मरणिकेत एखाद्या थोर कलावंताचे चरित्र असावे, ही प्रथा चांगलीच आहे. यंदा ते काम आमच्याकडे आले तेव्हा आम्ही जरा दूरचे नाव निवडले. व्हिएन्नाचा योहान स्ट्राउस. २०२५ साली त्याच्या जन्माला २०० वर्षे झाली. नाव अनेकांना परके वाटेल, पण ‘ब्लू डॅन्यूब’ ही त्याची रचना कधी चित्रपटात, कधी दूरदर्शनवर, कधी कुणाच्या मोबाइलवर आपल्यापैकी पुष्कळांच्या कानांवरून गेलेली असते. ती कुणाची, हे मात्र ठाऊक नसते.

आम्ही संगीताचे जाणकार नव्हे. शिक्षण सिव्हिलचा डिप्लोमा, नोकरी राज्य सरकारची. गेली वीस-बावीस वर्षे अर्ज, टिपण्या आणि नोंदवह्या यांच्यातच वावरतो आहोत. त्यामुळे असेल कदाचित, या माणसाचे चरित्र वाचताना सुरांच्या बरोबरीने त्यातले कागदपत्रच आमच्या नजरेत भरले.

आधी वॉल्ट्झ म्हणजे काय ते थोडक्यात सांगितले पाहिजे. जोडीने गिरक्या घेत करायचे हे नृत्य. त्याचा ठेका तीन मात्रांचा. आपला दादरा सहा मात्रांचा, तीन-तीनच्या दोन विभागांचा. तो ज्याच्या कानांत आहे त्याला वॉल्ट्झ परका वाटत नाही. पहिली मात्रा जोरकस, पुढच्या दोन हलक्या. व्हिएन्नाचे वादक यातली दुसरी मात्रा किंचित आधी वाजवतात आणि त्या एवढ्याशा घाईमुळे चालीला झोका मिळतो. सुरुवातीला संथ प्रस्तावना, मग एकापाठोपाठ एक अशा चार-पाच चाली, शेवटी आधीच्या चालींची आठवण देणारा समारोप, असा साधारण बांधा असतो. हा बांधा पक्का करणाऱ्यांत एक नाव योसेफ लानरचे आणि दुसरे आपल्या चरित्रनायकाच्या वडिलांचे.

वडिलांचे नावही योहानच. थोरल्या योहानचा जन्म १८०४ चा, बाप खानावळवाला. लहानपणीच आई गेली, पुढे बाप डॅन्यूब नदीत बुडून मेला. पोरक्या मुलाला पुस्तकबांधणीच्या कामाला लावले. तिथून तो व्हायोलिनच्या जोरावर लानरच्या पथकात शिरला आणि १८२५ साली स्वतःचे पथक काढले. त्याच वर्षी लग्न आणि त्याच वर्षी २५ ऑक्टोबरला पहिला मुलगा, आपला धाकटा योहान. थोरल्याची कीर्ती एवढी पसरली की १८३८ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्याभिषेकाच्या वेळी तो पथक घेऊन लंडनला होता.

पण घर मात्र दुभंगलेले. एमिली ट्राम्पुश नावाच्या बाईबरोबर त्याने दुसरा संसार मांडला आणि तिकडेही अनेक मुले झाली. पहिली बायको आना, तिचे तिघे मुलगे योहान, योझेफ, एडुआर्ड आणि दोन मुली, हे सारे जुन्या घरात. आपल्या मुलांनी या धंद्यात येऊ नये, असे बापाचे ठाम मत. योहानने बँकेत जावे, योझेफने लष्करात. योझेफने लष्कराला साफ नकार दिला. माणसे मारायला शिकायचे नाही, असे त्याने बापाला कळवले. योहान मात्र आईच्या संमतीने चोरून व्हायोलिन शिकत होता आणि शिकवणारा होता बापाच्याच पथकातला पहिला व्हायोलिनवादक!

१८४४ च्या उन्हाळ्यात १८ वर्षांच्या योहानने व्हिएन्नाच्या नगरप्रशासनाकडे अर्ज केला. खानावळींत बारा ते पंधरा वादकांसह कार्यक्रम करायचा परवाना हवा, असा अर्ज. तो कायद्याने अजून सज्ञान नव्हता, म्हणून कारणही द्यावे लागले. वडील घर सोडून गेलेले, आई आणि भावंडे यांचा भार आपल्यावर आहे, असे त्याने नमूद केले. आम्ही आजवर पुष्कळ अर्ज वाचले आहेत, पण बापाच्या धंद्यात उतरण्यासाठी बापाच्या वर्तनाचेच कारण जोडलेला दुसरा अर्ज आमच्या वाचनात नाही. त्याच सुमारास आनानेही घटस्फोटासाठी दावा लावला. परवाना मिळाला.

१५ ऑक्टोबर १८४४. व्हिएन्नाच्या बाहेरच्या हीत्सिंग भागात डोमायर यांचे सभागृह. बड्या योहानचा रोष नको म्हणून बाकीचे सभागृहवाले मुलाला जागा द्यायला बिचकत होते. त्या संध्याकाळी गर्दी लोटली. त्यातले बरेच लोक मुलगा तोंडघशी पडतो का ते बघायलाच आले असणार. योहानने दुसऱ्यांच्या रचनांबरोबर स्वतःच्याही काही वाजवल्या आणि त्यांतला एक वॉल्ट्झ लोकांनी तब्बल १९ वेळा पुन्हा वाजवायला लावला, असे तेव्हाचे वृत्तांत सांगतात. शेवटी त्याने वाजवला तो बापाचा गाजलेला ‘लोरेलाय’ वॉल्ट्झ. यात भक्ती किती आणि धोरण किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. आम्हाला दोन्ही दिसतात.

पुढची पाच वर्षे एका शहरात दोन स्ट्राउस. १८४८ साली व्हिएन्नात क्रांतीची लाट आली आणि बाप-लेक दोन बाजूंना गेले. बापाने सरकारी सेनापती राडेत्स्कीच्या इटलीतल्या विजयावर ‘राडेत्स्की मार्च’ रचला. मुलाने क्रांतिकारकांसाठी मार्च रचले आणि फ्रान्सची ‘मार्सेय्येज’ भर कार्यक्रमात वाजवली. पोलिसांनी बोलावून जबाब घेतला. क्रांती चिरडली गेली, पण पोलिसांकडचा कागद राहिला. दरबारी नृत्यसंगीताचा संचालक हे मानाचे पद त्याने पुढे अनेकदा मागितले आणि प्रत्येक वेळी पोलिसांचा प्रतिकूल शेरा आडवा आला. ते पद मिळायला १८६३ साल उजाडले. एव्हाना त्याने सम्राटाच्या नावाने कितीतरी रचना अर्पण केल्या होत्या. जुना शेरा पुसायला किती नवे कागद लागतात, हे कुठल्याही सरकारी माणसाला विचारावे.

सप्टेंबर १८४९ मध्ये थोरला योहान वारला. दुसऱ्या घरातल्या एका मुलाला स्कार्लेट ताप आला होता, तो त्याला लागला. वय अवघे ४५. त्याचे वादक सुरुवातीला कुरकुरले, पण अखेर मुलाकडे आले आणि दोन पथकांचे एक झाले.

इथून धाकट्या योहानचे खरे राज्य सुरू झाले आणि त्याची दमछाकही. व्हिएन्नात लेंटच्या उपासकाळाआधी नृत्यसभांचा मोसम असतो. डॉक्टरांची सभा वेगळी, वकिलांची वेगळी, पत्रकारांची वेगळी आणि प्रत्येकाला त्या वर्षीचा नवा कोरा वॉल्ट्झ हवा. एका रात्रीत योहान घोडागाडीतून या सभागृहातून त्या सभागृहात पळे, दोन-चार चाली वाजवून पुढे निघे. १८५३ साली शरीराने हात टेकले. पथक थांबले तर घर थांबणार. आईने दुसऱ्या मुलाकडे पाहिले.

हा दुसरा मुलगा योझेफ आम्हाला सगळ्यांत जवळचा. तो इंजिनिअर होता. व्हिएन्नाच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकला, ट्रुमाउ गावी बंधाऱ्याच्या कामावर राहिला, नकाशे काढले, गणितावर लिहिले. रस्ते झाडायचे घोड्याने ओढायचे यंत्रही त्याने आखले होते, फिरत्या ब्रशांचे. स्वभाव अबोल, प्रकृती नाजूक, डोकेदुखीचा कायमचा त्रास. त्याला काठी हातात घेऊन लोकांसमोर उभे राहायचे नव्हते. भावाच्या जागी तात्पुरते उभे राहायचे म्हणून तो राहिला, एक वॉल्ट्झही रचला आणि त्याला नाव दिले ‘पहिला आणि शेवटचा’. पुढे रचना नंबर बाराला त्याला नाव द्यावे लागले ‘शेवटच्यानंतरचा पहिला’. अखेरपर्यंत त्याच्या रचना २८० च्या वर गेल्या. इंजिनिअरिंग सुटले ते सुटलेच. दोघांत अधिक प्रतिभा योझेफकडे आहे, लोकप्रियता तेवढी आपल्याकडे, असे योहानने स्वतः मान्य केल्याचे सांगतात. योझेफच्या वॉल्ट्झमध्ये एक उदास सावली आहे, ती योहानकडे क्वचितच सापडते. ऐकणाऱ्यांनी योझेफचा ‘डेलिरियन’ जरूर ऐकावा. तो डॉक्टरांच्या नृत्यसभेसाठी रचलेला आहे.

इंजिनिअरांसाठीही वॉल्ट्झ होते बरे का! १८६० साली इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांच्या सभेसाठी योहानने ‘आक्सेलेरात्सिओनेन’ रचला, म्हणजे वेगवृद्धी. सुरुवातीला यंत्र जड चाकांनी हळूहळू फिरू लागावे आणि मग वेग घ्यावा, तशी ती चाल आहे. भौतिकशास्त्राच्या तासाला आम्हाला जे समीकरणाने समजायला वेळ लागला ते यात अर्ध्या मिनिटात समजते. पत्रकारांच्या १८६४ च्या सभेची गोष्टही मजेदार आहे. त्यांनी पॅरिसच्या ऑफेनबाखकडून ‘सायंदैनिके’ नावाचा वॉल्ट्झ मिळवला आणि योहानच्या वॉल्ट्झचे नाव ठेवले ‘प्रातर्दैनिके’. त्या रात्री सायंदैनिकांना जास्त टाळ्या पडल्या. आज सकाळचीच वाजतात.

दरम्यान रशियातून बोलावणे आले. सेंट पीटर्सबर्गजवळ पाव्लोव्स्क येथे रशियातल्या पहिल्या रेल्वेमार्गाचे शेवटचे स्थानक होते. लोकांनी तिकीट काढून गाडीत बसावे म्हणून रेल्वे कंपनीने स्थानकालाच जोडून संगीताचे सभागृह बांधले. १८५६ पासून दहा वर्षे दर उन्हाळ्यात योहान तिथे जात असे. बिदागी भरभक्कम. गंमत अशी की रेल्वे कंपनीच्या पैशावर श्रीमंत झालेला हा माणूस रेल्वे प्रवासाला विलक्षण घाबरत असे. १८६२ साली तो आजारपण सांगून मधूनच व्हिएन्नाला परतला, त्याच्या जागी योझेफला घाईघाईने जावे लागले आणि काही आठवड्यांतच योहानने येटी ट्रेफ्त्स या गायिकेशी लग्न केल्याची बातमी आली. योझेफ चिडला. चिडणार नाही तर काय! येटी मात्र कर्तबगार निघाली. हिशेब, करार, पत्रव्यवहार, सारे तिने हातात घेतले.

आता ‘ब्लू डॅन्यूब’. १८६६ साली प्रशियाकडून ऑस्ट्रियाचा दारुण पराभव झाला होता. व्हिएन्ना सुतकात असल्यासारखे. अशा वेळी शहरातल्या पुरुष गायकांच्या संस्थेने योहानकडे गाता येईल असा वॉल्ट्झ मागितला. शब्द लिहिले योझेफ वाइल यांनी. हे गृहस्थ पोलीस खात्यात नोकरीला होते आणि संस्थेसाठी विनोदी पदे करीत. त्यांनी पराभूत नागरिकांना दुःख विसरून मौज करायचा सल्ला देणारे चेष्टेखोर शब्द घातले. १५ फेब्रुवारी १८६७ रोजी पहिला प्रयोग झाला. योहान त्या रात्री हजरही नव्हता. एकदाच ‘वन्स मोअर’ मिळाला. त्याच्या हिशेबी हे अपयशच. त्याच वर्षी पॅरिसच्या महाप्रदर्शनात त्याने हीच रचना शब्दांवाचून, नुसत्या वाद्यांवर सादर केली आणि मग ती जगभर गेली. पाच वर्षांनी अमेरिकेत बोस्टनच्या जलशात हजारो गायक-वादकांना एकत्र आवरण्यासाठी शंभर साहाय्यक संचालक उभे करावे लागले आणि सुरुवातीची खूण म्हणून तोफ उडवली गेली, असे वर्णन त्याने नंतर केले आहे.

१८७० साल घराला वाईट गेले. फेब्रुवारीत आई गेली. पथकाचा सगळा कारभार तिच्या मुठीत होता. योझेफ वॉर्साला कार्यक्रम करताना व्यासपीठावर कोसळला, त्याला घरी आणले आणि जुलैत तो वारला. वय ४२. त्याच्या आदल्या वर्षीच दोघा भावांनी पाव्लोव्स्कसाठी मिळून ‘पिझिकाटो पोल्का’ केली होती. गज बाजूला ठेवून नुसत्या बोटांनी तारा छेडायच्या, एवढीच तिची युक्ती. दोन भाऊ शेजारी बसून हसत काहीतरी खोडी करताहेत, असे ती ऐकताना आम्हाला वाटते.

यानंतर योहान नृत्यसभांमधून बाजूला झाला आणि येटीच्या आग्रहाने रंगभूमीकडे वळला. त्याचे ‘डी फ्लेडरमाऊस’, म्हणजे वटवाघूळ, हे ऑपेरेटा प्रकारचे नाटक ५ एप्रिल १८७४ रोजी रंगभूमीवर आले. ऑपेरेटा म्हणजे काय ते आपल्याला वेगळे सांगायला नको. संवाद बोलायचे, पदे गायची आणि प्रेक्षकांनी पदांना दाद द्यायची. आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर यांनी पुण्यात ‘शाकुंतल’ आणले ते १८८० साली, अवघ्या सहा वर्षांनी. एकाला दुसऱ्याची वार्ताही नसणार.

खासगी आयुष्याबद्दल फार लिहीत नाही. एक गोष्ट मात्र सांगायला हवी. योहानला मृत्यूची दहशत होती. आईच्या अंत्यविधीला तो गेला नाही. १८७८ मध्ये येटी वारली तेव्हा तो शहर सोडून निघून गेला आणि पुढचे सारे धाकट्या एडुआर्डने निस्तरले. सात आठवड्यांत योहानने दुसरे लग्न केले, लिली नावाच्या कितीतरी लहान मुलीशी. ती काही वर्षांत सोडून गेली. मग भेटली आडेले, तरुण विधवा. पण कॅथलिक ऑस्ट्रियात पहिली बायको हयात असताना दुसरे लग्न अशक्य. तेव्हा योहानने धर्मपंथ बदलला, ऑस्ट्रियाचे नागरिकत्व सोडले, जर्मनीतल्या कोबुर्ग संस्थानचे घेतले आणि १८८७ साली तिथे विवाह लावला. ज्याच्याशिवाय व्हिएन्नाची कल्पना करवत नाही तो माणूस कागदोपत्री परदेशी नागरिक म्हणून व्हिएन्नात राहिला आणि तसाच गेला. ब्राह्म्ससारखा गंभीर प्रकृतीचा महान संगीतकार त्याचा मित्र होता. घरातल्या बाईंनी स्वाक्षरीसाठी पुढे केलेल्या पंख्यावर ब्राह्म्सने ‘ब्लू डॅन्यूब’चे सुरुवातीचे सूर लिहिले आणि खाली, ही रचना दुर्दैवाने आपली नाही, अशा अर्थाचे लिहून सही केली.

३ जून १८९९ रोजी न्यूमोनियाने योहान वारला. वय ७३. सुमारे ५०० रचना मागे राहिल्या. त्याला ब्राह्म्सजवळच जागा मिळाली. मृत्युपत्रात बहुतेक संपत्ती व्हिएन्नाच्या संगीतप्रेमी मंडळाला दिली होती. एडुआर्डला वगळले होते, त्याची स्थिती चांगली आहे म्हणून.

ती चांगली नव्हती. एडुआर्ड जन्मभर तिसरा. दिसायला देखणा, शिस्तीचा, स्वतःच्या ३०० च्या आसपास रचना, पण लोकांच्या लेखी तो योहानचा भाऊ. भावांच्या मागे पथक त्यानेच तीस वर्षे ओढले. म्हातारपणी कळले की आयुष्यभराची पुंजी घरच्याच माणसांनी उधळली आहे. ती भरून काढायला तो साठी उलटल्यावर अमेरिकेच्या दौऱ्यावर गेला आणि १९०१ साली न्यूयॉर्कमध्ये त्याने पथक विसर्जित केले. बापाने १८२५ साली उभे केलेले पथक ७५ वर्षांनी परमुलखात संपले.

२२ ऑक्टोबर १९०७ रोजी एडुआर्डने गाडी भरभरून कागदांचे गठ्ठे व्हिएन्नातल्या एका शेगड्यांच्या कारखान्यात नेले. पथकाचा सगळा संग्रह होता तो. वादकांच्या हातच्या प्रती, दुसऱ्यांच्या रचनांचे स्वतःसाठी केलेले आराखडे, बापाचे, भावांचे, कधी न छापलेले काहीबाही. कारखान्याच्या मालकाने विनवले, पण तो ऐकेना. भट्टीसमोर खुर्ची टाकून तो बसला. दुपारी सुरू झालेले काम संध्याकाळपर्यंत चालले. ओळखीचे एखादे पान दिसले की उठून चार पावले दूर जाई आणि परत येऊन बसे, अशी आठवण त्या मालकाने नोंदवली आहे. आपण आणि योझेफने फार पूर्वी ठरवले होते, मागे राहील त्याने संग्रह नष्ट करायचा, म्हणजे दुसऱ्या पथकाला आयता मिळणार नाही, असा एडुआर्डचा खुलासा होता. आम्हाला तो पुरता पटत नाही. ३७ वर्षांपूर्वी मेलेल्या भावाला दिलेला शब्द एवढेच त्या भट्टीत जळत नव्हते.

छापलेल्या रचना घरोघरी होत्या, त्या वाचल्या. पण त्यांतल्या अनेक पियानोपुरत्याच. सनई जातीच्या वाद्याने काय वाजवायचे, तुतारीने कुठे थांबायचे, हे ज्या पानांवर होते ती राख झाली.

नाझी राजवटीत या घराण्याच्या वाट्याला आणखी एक कागद आला. योहानचा पणजोबा मूळचा ज्यू. ख्रिस्ती झाल्यावर १७६२ साली व्हिएन्नाच्या सेंट स्टीफन चर्चमध्ये त्याचे लग्न लागले आणि नोंदवहीत तसे स्पष्ट लिहिले होते. ज्याच्या संगीतावर सारे राज्य नाचते त्याच्या वंशात ज्यू रक्त निघणे सत्ताधाऱ्यांना परवडणारे नव्हते. त्यांनी मूळ वही बर्लिनला नेली आणि चर्चमध्ये ती नोंद गाळलेली नक्कल आणून ठेवली. याच राजवटीत ३१ डिसेंबर १९३९ रोजी स्ट्राउसच्या संगीताची ती मैफल सुरू झाली, जी आज नववर्षाची मैफल म्हणून जगभर पाहिली जाते. युद्धानंतर मूळ वही जागेवर आली. मैफल चालू राहिली. आपल्या मुंबईत जन्मलेल्या झुबिन मेहता यांनी ती पाच वेळा संचालित केली आहे. शेवटी मुलाचा ‘ब्लू डॅन्यूब’ आणि लगोलग बापाचा ‘राडेत्स्की मार्च’ वाजवायची तिथे रीत आहे. मार्चला श्रोते टाळ्यांचा ठेका धरतात.

जळालेल्याचे काय? ते गोळा करायला पुढे आले ते तुमच्या-आमच्यासारखे हौशी लोक. व्हिएन्नात १९३६ साली स्ट्राउसप्रेमींची संस्था निघाली, ब्रिटनमध्ये १९६४ साली. ब्रिटिश संस्थेच्या नियतकालिकाचे नाव पूर्वी ‘ट्रिच-ट्राच’ होते, योहानच्या एका पोल्कावरून घेतलेले, अर्थ गावगप्पा. अशा संस्थांतल्या लोकांनी ग्रंथालये धुंडाळली, जुन्या छापील प्रती जमवल्या, कुठल्या सभेत काय वाजले ते तेव्हाच्या वर्तमानपत्रांतून टिपून काढले. या मेहनतीच्या आधारावर १९८० च्या दशकाच्या अखेरीस योहानच्या वाद्यवृंदरचनांचे समग्र ध्वनिमुद्रण हाती घेतले गेले. त्याच्या ५२ सीडी झाल्या. बहुतेक वादन स्लोव्हाकियातल्या कोशित्से शहराच्या वाद्यवृंदाचे आहे. जिथे फक्त पियानोची प्रत हाती लागली तिथे जाणकारांनी बसून इतर वाद्यांचे भाग नव्याने लिहिले.

१९९१ साली व्हिएन्नात स्ट्राउस संशोधनाची आणखी एक संस्था उभी राहिली. या घराण्याच्या प्रत्येक रचनेची नोंद, ती कधी वाजली, कुणी छापली, कुठली प्रत कुठे आहे, अशी सूची करण्याचे काम तिने खंडाखंडाने चालवले. तिच्या संस्थापकांपैकी एक गृहस्थ व्यवसायाने न्यायाधीश. भट्टीसमोर बसलेल्या एडुआर्डचे ते पणतू.